सोळा रस्ते आणि एक फुटपाथ

मागच्या दिवाळीत आईबरोबर लातूरला गंजगोलाईत खरेदीला गेलो होतो. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना दर वेळी माझा हात घट्ट धरायची. घरी येऊन सहज हिशोब केला. गोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. म्हणजे कडेकडेने एक चक्कर मारायची, तर १६ वेळा जीव मुठीत धरायचा!

यात आखणाऱ्याची चूक नाही. फैयाजुद्दीन यांनी ही गोलाई आखली, १९१७ च्या सुमारास, निजामाच्या राज्यात. मधे अंबाबाईचं देऊळ, भोवती सराफांपासून मिरची-गुळापर्यंत सगळा बाजार. रस्त्यावर बैलगाड्या. बैल माणसाच्याच चालीने चालतो, मग वेगळा फुटपाथ हवा कुणाला? पुढे वेग बदलला, नकाशा तोच राहिला.

नांदेडला मात्र फुटपाथ मिळाला, आणि तो कसा हे मजेशीर आहे. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राचं जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झालं. यादीत महाराष्ट्रातली पाच शहरं होती: मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि नांदेड. तेव्हाचे मुख्यमंत्री विलासराव देशमुख लातूरचे, पण लातूर यादीत नाही! नांदेड बसलं ते धार्मिक महत्त्वामुळे. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये तिथे ग्रंथसाहिबाला गुरुगादी दिली. त्याला २००८ मध्ये ३०० वर्षं होणार होती आणि लाखो भाविक येणार होते. नांदेडएवढ्या शहराला १०० पैकी ८० रुपये केंद्र देणार, १० राज्य, १० महापालिका. नव्या रस्त्यांच्या आराखड्यात चालणारे, सायकलवाले, झाडं, सगळ्यांना जागा मिळाली.

एरवी रस्त्याची एक फूट जागा हलवायची म्हटलं तरी दुकानदार, पार्किंगवाले, नगरसेवक सगळे उभे राहतात. इथे तारीख ठरलेली होती आणि पैसा दिल्लीचा. भांडायला वेळच नव्हता.

पण २००८ सरलं, २०१४ मध्ये अभियानही संपलं. मी नांदेडला जातो तेव्हा फुटपाथवर दुचाक्या लागलेल्या दिसतात. कुणाला काही वाटत नाही. माझं मत असं की, जो फुटपाथ शहराने भांडून मागितला नाही, तो राखायलाही कुणी भांडत नाही. पार्किंग मागणारे मात्र रोज मागतात.

असो. यंदा आई म्हणाली, "गोलाईत तूच जाऊन ये." पुढच्या वेळी कुणी मत मागायला दारात आलं, तर आधी फुटपाथचं विचारणार आहे. तुम्हीही विचारा.