कर्मवीरांचे नेतृत्व : आशा आणि कृतज्ञता

संस्थेची खरी परीक्षा अनिश्चिततेच्या काळात होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेचा इतिहास याची साक्ष देतो.

१९१९ मध्ये काले येथे संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. मुलांच्या जेवणासाठी धान्य उरले नाही, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी सौ. लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. परंतु वसतिगृहाची चूल विझली नाही.

१९४८ मध्ये शासनाने संस्थेचे अनुदान थांबविले. शाळा खेड्यापाड्यांत पसरलेल्या, शिक्षकांपुढे संसाराची चिंता. भाऊरावांनी शाळांना कुलपे घातली नाहीत. ते रयतेकडे गेले आणि रयतेने पैसा, धान्य दिले. स्वतः अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यानेही आपला वाटा उचलला. गाडगे महाराजांनी शासनाकडे शब्द टाकला. पुढे अनुदान पूर्ववत झाले.

हे ऋण भाऊराव विसरले नाहीत. साताऱ्याच्या वसतिगृहास त्यांनी राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव दिले होतेच. १९५४ मध्ये कऱ्हाड येथे निघालेल्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले.

संकटात सहकाऱ्यांस धीर देणे आणि संकट टळल्यावर साहाय्यकर्त्यांचे स्मरण ठेवणे, ही दोन्ही कर्तव्ये नेतृत्वाचीच होत. पहिल्याने माणसे टिकतात. दुसऱ्याने ती पुढील संकटातही धावून येतात. सार्वजनिक कार्याची धुरा वाहणाऱ्या प्रत्येकाने हा वारसा जपावा.