छत्तीसगढचा मैदानी मुलूख आणि मराठी अंमल

सिहाव्याच्या डोंगरात उगम पावणारी महानदी प्रथम उत्तरेकडे वाहते, राजीम येथे पैरीला सामावून घेते आणि शिवनाथेच्या संगमानंतर पूर्वेकडे वळून ओडिशात उतरते. या नद्यांच्या खोऱ्यात भातशेतीचा विस्तीर्ण मुलूख पसरला आहे. वायव्येस मैकल रांग, दक्षिणेस बस्तरचे पठार. रतनपूर व रायपूर येथील कलचुरींच्या शाखा येथे शतकानुशतके टिकून राहिल्या, त्यात या डोंगरवेढ्याचा वाटा मोठा होता.

१७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांच्यापुढे रतनपूरने शरणागती पत्करली. त्यांचे लक्ष्य बंगाल होते. छत्तीसगढ ही केवळ वाट होती. या वाटेला मुक्कामाचे रूप दिले ते बिंबाजी भोसले यांनी. १७५८ पासून ते रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. तेथील टेकडीवर त्यांनी राममंदिर उभारले. दप्तरात मराठी भाषा व मोडी लिपी आली. १७८७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि व्यंकोजी भोसले यांनी नागपुरातूनच सुभेदारांमार्फत कारभार चालविला. राजा दूर गेला. रयतेच्या वाट्याला मुख्यतः वसुली उरली.

१८१८ नंतर इंग्रजांच्या देखरेखीच्या काळात अॅग्न्यू यांनी मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. रतनपूर मैदानाच्या उत्तरेकडे होते. रायपूर मैदानात, नागपूरच्या मार्गावर होते. १८३० मध्ये प्रदेश पुन्हा भोसल्यांकडे आला आणि १८५४ मध्ये नागपूरच्या राज्याबरोबर खालसा झाला. मोडी दप्तराचे राजकीय प्रयोजन तेथेच संपले.

मराठी माणसाचा या भूमीशी असलेला संबंध मात्र संपला नाही. त्याने दिशा बदलली. मराठी मातृभाषा असलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. ते जेमतेम तीन वर्षे चालले; परंतु हिंदी समीक्षा आणि कथा यांच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. पुढे सप्रे यांनी 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हे ग्रंथ हिंदीत आणले. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचे देहावसान झाले.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ स्वतंत्र राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी. भोसल्यांच्या सत्तेने या प्रदेशाकडून महसूल घेतला आणि ती सत्ता लयास गेली. सप्रे यांनी प्रदेशाचेच नाव मासिकाला दिले, प्रदेशाच्या वाचकांसाठी लिहिले; म्हणून मराठी अंमलापेक्षा मराठी माणसाचे हे हिंदी कार्य तेथे अधिक आपले मानले गेले.