अणुबाँबचा निर्णय : बखर आणि अस्सल कागद

बखर व अस्सल कागद यांची योग्यता सारखी नव्हे, ही गोष्ट कै. राजवाड्यांच्या काळापासून आपल्याकडे सर्वमान्य झालेली आहे. प्रसंग घडून गेल्यावर, त्याचा परिणाम ठाऊक असतां, कर्त्याच्या समर्थनार्थ लिहिलेला वृत्तांत ती बखर. प्रसंग चालू असतां झालेलें टिपण तो अस्सल कागद. हीच कसोटी हिरोशिमाच्या प्रकरणास लावून पाहावी, असें आम्हांस वाटतें. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं त्या शहरावर अणुबाँब टाकणें न्याय्य होतें कीं नव्हतें, हा वाद बहुधा बखरीच्या आधारावरच लढविला जातो.

ही बखर म्हणजे अमेरिकेचे तत्कालीन युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांचा फेब्रुवारी १९४७ च्या 'हार्पर्स' मासिकांतील लेख होय. बाँब नसता तर जपानवर स्वारी करावी लागती व एकट्या अमेरिकन सैन्याचेच दहा लाखांवर हताहत होण्याचा संभव होता, असें तींत म्हटलें आहे. उलटपक्षीं, जून १९४५ मधील संयुक्त युद्धयोजना समितीच्या टिपणांत दक्षिण क्यूशू व तोक्योचें मैदान या दोन्ही स्वाऱ्या मिळून १,९३,५०० हताहत, पैकीं मृत ४०,०००, असा अंदाज आढळतो. त्या काळचे याहून मोठे अंदाजही आहेत. शिवाय ओकिनावाचा रक्तपात ताजा होता. तेव्हां सेनापतींची भीति लटकी होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. जपानी सैन्यानें चीनमध्यें काय केलें होतें, हेंही कोणी विसरूं नये.

परंतु आंकड्यांचा वाद आमच्या मतें गौण आहे. बाँब कोणावर टाकावयाचा, हा खरा प्रश्न. ३१ मे १९४५ च्या अंतरिम समितीच्या वृत्तांत असें नमूद आहे कीं, केवळ नागरी वस्तीवर रोख धरतां येणार नाहीं, परंतु शक्य तितक्या अधिक रहिवाशांच्या मनावर खोल परिणाम झाला पाहिजे. लगेच पुढें जेम्स कॉनंट यांची सूचना येते व युद्धमंत्री ती मान्य करतात: सर्वांत इष्ट लक्ष्य म्हणजे पुष्कळ कामगार असलेला आणि कामगारांच्या घरांनीं जवळून वेढलेला युद्धोपयोगी कारखाना. 'घरांनीं वेढलेला' हे शब्द सहज वाचून सोडण्यासारखे नाहींत. प्रत्यक्षांत तर नेम कारखान्यावरही धरला गेला नाहीं. तो शहराच्या मध्यावरील आइओइ पुलावर होता. अध्यक्ष ट्रुमन २५ जुलैच्या रोजनिशींत लिहितात कीं, लक्ष्य सैनिक व खलाशी असावेत, स्त्रिया व मुलें नव्हेत. त्याच दिवशीं सुटलेल्या हुकुमांत मात्र हिरोशिमा, कोकुरा, नीगाता व नागासाकी हीं चार शहरें आहेत. हिरोशिमांत सेनेचें मोठें ठाणें होतें हें खरें. पण वर्षअखेरपर्यंत तेथें मेलेलीं सुमारें १,४०,००० माणसें बहुतांशीं नागरिक होतीं.

या यादींत क्योतो कां नाहीं? मे महिन्यांतील लक्ष्यसमितीनें तें पहिल्या प्रतीचें लक्ष्य ठरविलें होतें व जनरल ग्रोव्ह्ज यांचा त्याविषयीं आग्रह होता. स्टिम्सन यांनीं तें हट्टानें वगळविलें. त्यांचा मधुचंद्र तेथें झाला होता म्हणून शहर वाचलें, ही लोकप्रिय कथा निराधार आहे; त्यांचा विवाह १८९३ सालचा, क्योतोची भेट १९२६ ची. खरें कारण त्यांच्या २४ जुलैच्या रोजनिशींत आहे. असें अविचारी कृत्य केल्यास जपानी लोकांच्या मनांतील कटुता कधीं जाणार नाहीं व ते अमेरिकेऐवजीं रशियाकडे वळतील, असें त्यांनीं ट्रुमन यांस सांगितलें. त्याच तारखेच्या हुकुमाच्या मसुद्यांत नागासाकीचें नांव मागाहून हातानें लिहिलेलें आहे.

क्योतो जाळणें हें अविचारी कृत्य, असें जर युद्धमंत्र्यांस वाटत होतें, तर नागासाकी जाळणें तसें कां नव्हे? मंदिरें येथें कमी होतीं एवढेंच. माणसें दोहींकडे सारखींच. अणुबाँबच्या समर्थनाचा सारा भर नाइलाजावर आहे. आणि क्योतोच्या नांवावर फिरलेली लेखणी तर हातीं निवड होती असें सांगते. नियम अमेरिकेस अपरिचित होता असेंही नाहीं. नागरी वस्तीवर बाँबफेक करूं नये, अशी विनंति अध्यक्ष रूझवेल्ट यांनींच १ सप्टेंबर १९३९ रोजीं सर्व युद्धमान राष्ट्रांस केली होती. तोक्यो जिल्हा न्यायालयानें १९६३ सालीं हे दोन्ही हल्ले आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध ठरविले, तें याच नियमाच्या आधारें. नुकसानभरपाईचा दावा मात्र फेटाळला.

आणखी एक कागद येथें नोंदवितों. ९ ऑगस्टला कोकुरावर नेम दिसेना म्हणून विमान नागासाकीकडे वळलें. दुसऱ्या दिवशीं मंत्रिमंडळाच्या बैठकींत ट्रुमन यांनीं आपल्या आज्ञेवांचून तिसरा बाँब टाकूं नये असें सांगितल्याचें हेन्री वॉलेस यांच्या रोजनिशींत आहे. कारणही तेथेंच दिलें आहे: आणखी एक लाख माणसें मारण्याची कल्पना त्यांस भयंकर वाटली, एवढीं सारीं मुलें मारणें त्यांच्या जिवावर आलें होतें.