रात्रीच्या आकाशांतील डोळा

१९४० च्या नोव्हेंबरांत ब्रिटिश वैमानिक जॉन कनिंगहॅम यांनीं भर रात्रीं जर्मन बाँबर पाडला. पुढें गाजरें खाऊन त्यांची दृष्टि तीक्ष्ण झाली, असें लोकांस सांगण्यांत आलें. वस्तुतः खरा डोळा होता तो बोफायटर विमानांतील रडार-यंत्राचा. दीड मीटर लांबीच्या विद्युत्-लहरी शत्रुविमानावर आदळून परतत आणि पडद्यावर त्याचें अंतर व दिशा दाखवीत. पण यंत्र मोठें नाजूक. ओल लागली किंवा एखादा व्हॉल्व्ह निकामी झाला, कीं तें आंधळें होई. म्हणून जमिनीवरील यंत्रज्ञ व्हॉल्व्ह, तारा, एरियल नित्य तपासीत. या विद्येचें शिक्षण येट्सबरीच्या शाळेंत मिळे. मात्र तिच्याविषयीं घरींहि बोलण्यास बंदी असे. त्या विजयाच्या इतिहासांत वैमानिकाबरोबर या अबोल यंत्रज्ञांचीहि गणना झाली पाहिजे.