कार्ल्याचे चैत्यगृह कोणी उभे केले? खांबांनाच विचारा

कार्ले लेणीच्या पायऱ्या चढताना दर वेळी एक वाक्य कानावर पडतेच. कोणीतरी बाप आपल्या लेकराला सांगत असतो, "हे पांडवांनी एका रात्रीत कोरलं." पूर्वी आम्ही तिथेच थांबून वाद घालायचो. आता घालत नाही. वर गेल्यावर त्याच माणसाला सोबत घेतो आणि खांबांवरची अक्षरे दाखवतो. पुढचे काम अक्षरे करतात.

पण मित्रांनो, आपल्याही लोकांच्या तोंडी एक वाक्य आहे आणि त्याबद्दल बोलायला हवे. "कार्ले सम्राट अशोकाने कोरले," असे आपले वक्ते स्टेजवरून बिनधास्त सांगतात. अशोक इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला आणि कार्ल्याचे महाचैत्य इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे. मध्ये जवळजवळ तीन शतके गेली. अशोकाबद्दल आम्हाला आदर आहेच. सोपाऱ्याला त्याच्या शिलालेखाचे तुकडे सापडले आहेत, म्हणजे त्याचा धम्म आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचला होता. तरी कार्ले त्याचे नाही. पांडवांचे नाव घेणारा आणि अशोकाचे नाव घेणारा, दोघेही नकळत एकच चूक करतात. एवढे मोठे काम कोणा राजाने किंवा देवमाणसानेच केले असणार, साध्या माणसांच्या हातून ते होणे नाही, हे दोघांनीही धरून चाललेले असते.

म्हणून आधी दाराशी थांबू. समोर उंच खांब आहे आणि त्याच्या माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह. त्यावरचा लेख सांगतो की हा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणक याचे दान, तो गोतीचा मुलगा. महारठी म्हणजे वजनदार घराण्यातला, सत्ता हाती असलेला माणूस. त्याने खांब दिला, पण लेणे माझे असे म्हटले नाही. व्हरांड्याच्या डाव्या टोकाला दुसरा लेख आहे. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या शेठीने हे 'सेलघर' पूर्ण केले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असे त्यात म्हटले आहे. शेठीचा हा अभिमान आम्हाला आवडतो. व्यापाऱ्याने आपल्या मालाची तारीफ करावी तसाच तो आहे, आणि आत पाऊल टाकल्यावर पटतोही. 'सेलघर' हा शब्दही लक्षात ठेवा. आपल्या घराच्या बोलीतला शब्द, शैलगृह म्हणजे दगडातले घर. संस्कृतात नाही, लोकांना समजणाऱ्या प्राकृतात कोरलेला.

आता दार. दाराचे काम केले धेनुकाकटच्या सामी नावाच्या वढकीने, वेणुवासाच्या मुलाने. वढकी म्हणजे सुतार. शेजारच्या दाराचे दान सिंहदत्त या गांधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे. वेदिकेच्या, म्हणजे कठड्याच्या एका भागावर घुणिकाची आई भिक्खुणी कोडी हिचे नाव आहे आणि त्याच ओळीत, हे काम नंदिकाने केले, असेही आहे. पैसा देणारी बाई आणि हातोडी चालवणारा कारागीर एकाच दगडावर! ज्या देशात पुढे कारागिराचा स्पर्शसुद्धा विटाळ ठरला, तिथे एका काळी असेही कोरले जात होते. आम्ही या ओळीशी नेहमी जरा जास्तच रेंगाळतो. ही कोडी कोण होती? मुलाबाळांची आई होती, मग संघात गेली आणि तिथे तिचे नाव तिच्या नवऱ्याच्या नावाने नाही, तर मुलाची आई म्हणून आणि स्वतःच्या नावाने राहिले. एवढे दगड सांगतो.

आत शिरलो की डोळे आधी समोर जातात ते स्तूपाकडे. लांबी सुमारे 38 मीटर, उंची 14 मीटरच्या आसपास. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब आणि स्तूपाच्या मागे साधे, अष्टकोनी सात, असे एकूण 37. बाजूच्या खांबांची पायथ्याची बैठक घटाच्या आकाराची, वर उलट्या कमळासारखा घाट, त्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि हत्तींवर बसलेली जोडपी. मागच्या बाजूला, प्रदक्षिणेच्या वाटेकडे तोंड करून घोडे. छताला लाकडी कमानी आहेत. त्या आजच्या कोणी बसवलेल्या नाहीत, मूळच्याच आहेत. दगडाच्या छताला लाकडाचा आधार लागत नाही, हे कोरणाऱ्याला ठाऊक होते. तरी त्याने त्या बसवल्या, कारण त्याच्या आधीची चैत्यगृहे लाकडाची होती आणि माणसाचा हात जुन्या घराची आठवण एकदम सोडत नाही. स्तूपावरचे छत्रही लाकडाचे आहे.

दर्शनी भिंतीतली मोठी पिंपळपानी खिडकी ही या सगळ्याची किल्ली. तिच्यातून उजेड येतो तो थेट स्तूपावर. बाजूच्या वाटा अंधुक राहतात. कोरणाऱ्यांनी मूळ मांडणीत बुद्धाची मूर्ती ठेवली नव्हती. स्तूप, वेदिका, कमळ, पिंपळपान, एवढ्यावर भागवले होते. ज्याच्याकडे पाहायचे तिथे कोणी देव बसलेला नाही, हे एकाही शब्दाशिवाय सांगण्याची ही रीत आम्हाला फार मोठी वाटते. पुढे पाचव्या-सहाव्या शतकात महायानी उपासकांनी दर्शनी भिंतीवरच्या जुन्या जोडप्यांच्या मधोमध बुद्धमूर्ती कोरल्या आणि त्यासाठी जुनी वेदिकेची नक्षी जागोजागी छाटली. आमच्यातले काही जण यावर चिडतात. आम्ही चिडत नाही, पण दोन्ही थर वेगळे करून दाखवायला हवेत एवढे म्हणतो. नाहीतर पाहणाऱ्याला ते सगळे एकाच दिवसाचे वाटते.

खांबांवर पुन्हा या. धेनुकाकटचे यवन, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक, खांबाखांबावर आहेत. त्यांची नावे मात्र सिहधय, धम अशी. हा धेनुकाकट नेमका कुठे होता यावर अभ्यासकांचे एकमत नाही, पण घाटवाटेने चालणाऱ्या व्यापारातले ते गाव होते हे दानांवरूनच कळते. समुद्र ओलांडून आलेल्या माणसाचे नाव आणि या मातीतल्या सुताराचे नाव एकाच घरात, कोणाचीही जात न विचारता. सोपाऱ्याच्या सातिमित या भाणकाने, म्हणजे धम्मवचने पाठ म्हणणाऱ्या भिक्खूने, दिलेल्या खांबाला लेखात 'ससरीरो थभो' म्हटले आहे. त्या खांबात अस्थिधातू ठेवलेला होता. ते ठेवण्याची खाच आजही दिसते.

कोणी म्हणेल, राजे होतेच की. होते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्खूंना करजिक गाव दिले. नहपानाचा पराभव झाल्यावर गौतमीपुत्र सातकर्णीने तेच गाव पुन्हा संघाला दिले आणि तसा हुकूम मामलच्या अमात्याला पाठवला. मामल म्हणजे आपले मावळ. सत्ता उलटली तरी भिक्खूंचे गाव कायम राहिले. पण अर्धेच सांगणे आम्हाला मान्य नाही. उषवदाताने आपल्या लेखात ब्राह्मणांना दिलेल्या दानांची यादीही तितक्याच अभिमानाने कोरली आहे. राजे दोन्हीकडे देत होते, त्यांना दोन्हीकडची माणसे लागत होती. म्हणून राजांच्या दानावरून त्या काळाचा धम्म मोजू नका. तो वढकीच्या आणि गांधिकाच्या दानावरून मोजा.

दारासमोर एकवीरा देवीचे मंदिर आहे. दुसरा सिंहस्तंभ जिथे असावा, साधारण त्याच जागेत. कोळी, आगरी बांधव तिथे मोठ्या भक्तीने येतात आणि त्यांच्याशी आमचे भांडण नाही. एकवीरा म्हणजे अमुक बौद्ध देवीच, असे पुराव्याशिवाय ओरडणारे आमच्यातही आहेत. पांडवांची गोष्ट सांगणाऱ्यांपेक्षा ते वेगळे काय करतात? आमचे भांडण आहे ते दोन हजार वर्षे टिकलेल्या खांबांवर दगडाने बदाम कोरून स्वतःचे नाव लिहिणाऱ्यांशी. त्यात आपलीही पोरे आहेत.

भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांमधले लेख 1881 मध्ये छापले. तेव्हापासून ही नावे वाचायला मोकळी आहेत. सिंहांचे, हत्तींचे फोटो आपण काढतो, नावे मात्र वाचत नाही. पुढच्या वेळी मुलांना घेऊन जाल तेव्हा एवढेच करा. खांबावरचा लेख जिथे संपतो तिथे पाहा. आडव्या रेघेवर उभी राहिलेली रेघ म्हणजे 'न', तिच्या शेजारी अनुस्वाराचा ठिपका आणि तिच्या आधी 'दा'. दोनच अक्षरे आहेत, दानं. पोराला ती सापडली की पुढच्या खांबाकडे ते स्वतःच पळते.