केशवराव जेधे : पितळेच्या कारखान्यातून लोकसभेपर्यंत

भोर तालुक्यातलं कारी हे जेधे देशमुखांचं मूळ गाव. शिवकाळातले कान्होजी जेधे इथलेच. याच घराण्यातल्या केशवराव मारुतराव जेधे यांची ओळख आज आपण करून घेऊ.

केशवरावांचा जन्म १८९६ चा. घरचा धंदा पितळेच्या भांड्यांचा, पुण्यात कारखाना होता. गल्ल्यावर बसून आयुष्य आरामात गेलं असतं. पण शुक्रवार पेठेतलं त्यांचं घर, जेधे मॅन्शन, ब्राह्मणेतर चळवळीचं केंद्र बनलं. दिनकरराव जवळकरांचं 'देशाचे दुश्मन' छापल्याबद्दल खटला झाला. केशवराव प्रकाशक म्हणून आरोपी होते. अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वकिली केली आणि सगळे सुटले.

१९३० नंतर ते काँग्रेसमध्ये आले, बहुजन समाजही स्वातंत्र्यलढ्याकडे वळला. पुढे ते संविधान सभेचे सदस्य झाले. शंकरराव मोरे यांच्यासोबत शेतकरी कामगार पक्ष उभा केला, नंतर पुन्हा काँग्रेसमध्ये परतले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती ज्या बैठकीत स्थापन झाली, तिचे अध्यक्ष तेच होते.

१९५७ मध्ये ते बारामतीतून लोकसभेवर गेले. आज भोर-वेल्हे याच मतदारसंघात येतात. १२ नोव्हेंबर १९५९ रोजी त्यांचं निधन झालं. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झालं, ते काही त्यांना बघायला मिळालं नाही.

स्वारगेटच्या चौकाला त्यांचंच नाव आहे. भोरची एस.टी. पकडताना आपण तिथूनच जातो. मुलांना हे नाव कोणाचं, तेवढं जरूर सांगा.