पत्र्याला आलेला पोचा : एका दुरुस्तीचा इतिहास

मोटारीच्या दाराला धक्का लागून पोचा पडला की मालकापुढे दोन मार्ग असतात. एक, अख्खे दार बदलणे. दुसरा, पोचा काढून घेणे. पहिल्या मार्गाला पैसा लागतो, दुसऱ्याला कौशल्य. ज्याचा खिसा हलका तो अर्थातच दुसरा मार्ग धरतो. पण पोचा काढणारा कारागीर पत्र्याचे नेमके काय करतो? वाकलेला पत्रा पुन्हा सरळ करणे एवढे अवघड का असावे? हा प्रश्न साधा वाटला तरी त्याचे समाधानकारक उत्तर मिळायला १९३४ साल उजाडावे लागले. कारागिरांनी मात्र त्याच्या कितीतरी आधी कामाला सुरुवात केली होती. हातोडीचा इतिहास आणि सिद्धान्ताचा इतिहास अशा दोन धाग्यांची सांगड या लेखात आम्ही घालणार आहोत.

लाकडाकडून पोलादाकडे

पहिल्या मोटारी म्हणजे घोड्याविना धावणाऱ्या बग्ग्याच होत्या. त्यांचा सांगाडा लाकडी असे आणि त्यावर फळ्या किंवा हाताने ठोकून घडवलेले पत्रे बसवलेले असत. अपघात झाला की दुरुस्तीला सुतार लागे. १९१२ साली एडवर्ड बड यांनी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात कारखाना काढला आणि जोसेफ लेडविंका या अभियंत्याच्या मदतीने संपूर्ण पोलादी पत्र्याचे, जोडकाम करून उभारलेले सांगाडे तयार करायला सुरुवात केली. १९१४ साली बाजारात आलेल्या डॉज बंधूंच्या मोटारीला असाच सांगाडा होता. युरोपात फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने बड यांचे तंत्र घेऊन १९२४ साली पोलादी सांगाड्याची मोटार आणली.

प्रचंड दाबयंत्राखाली, साच्यात दाबून घडवलेला हा पत्रा पातळ आणि हलका होता. जाडी जेमतेम एक मिलिमीटर. पण त्याला किंचित बाक दिल्यामुळे तो ताठ राहत असे. आगपेटीचे कव्हर सपाट कागदापेक्षा ताठ असते, तसाच हा प्रकार. पोलादी सांगाड्यामुळे मोटार स्वस्त आणि मजबूत झाली. त्याबरोबर पोचा नावाचे दुखणेही घरोघर आले.

या दुखण्यावरचा इलाज मात्र नवा नव्हता. ताट, तपेली, चिलखत, ढाल घडवणाऱ्या कारागिरांना तो हजारो वर्षे ठाऊक होता. मोटारीच्या कारागिराची मुख्य हत्यारे दोनच : एक हातोडी, आणि पत्र्याच्या मागून धरायचा, हातात मावेल असा पोलादी ठोकळा. या ठोकळ्याला ‘डॉली’ म्हणतात. ती म्हणजे हातात धरलेली छोटी ऐरणच होय. हातोडीचा घाव थेट ठोकळ्यावर पडला तर मधला पत्रा चेपतो, पातळ होतो आणि पसरतो. घाव ठोकळ्याच्या शेजारी पडला तर उंचवटा खाली बसतो आणि त्याच वेळी ठोकळ्यावरचा खोलगट भाग वर उचलला जातो. पत्रा फारसा पसरत नाही. कोणता घाव कुठे घालायचा, यातच सारी विद्या आली.

परत येणारा आणि न येणारा बाक

सिद्धान्ताचा धागा रॉबर्ट हूक यांच्यापासून सुरू होतो. जेवढा ताण तेवढी वाढ, हा त्यांचा नियम १६७८ साली प्रसिद्ध झाला. ताण काढला की वस्तू मूळ आकाराला येते, या गुणाला आपण स्थितिस्थापकता म्हणतो. पण या गुणाला मर्यादा असते. साध्या मऊ पोलादाच्या बाबतीत ही मर्यादा सुमारे २०० मेगापास्कल ताणाला येते. पोलादाचा यंगचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल आहे. दोहोंचा भागाकार केला तर कळते, की पोलाद हजारात एक एवढेच ताणले तर परत येते. त्यापुढची विकृती कायमची.

आता ०.८ मिलिमीटर जाडीचा सपाट पत्रा वाकवू या. बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो, आतला दाबला जातो. या विकृतीचे प्रमाण पत्र्याची अर्धी जाडी भागिले बाकाची त्रिज्या एवढे असते. ते हजारात एक व्हायला त्रिज्या ४०० मिलिमीटर हवी. म्हणजे ४० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या त्रिज्येचा बाक आपोआप जाईल, त्याहून लहान त्रिज्येचा बाक काही अंशी उरेल. हे गणित नववी-दहावीच्या विद्यार्थ्यालाही करता येण्याजोगे आहे.

यातून पोच्याचे मर्म कळते. पसरट, उथळ पोच्याच्या मधल्या भागात पत्रा मर्यादेच्या आतच असतो. त्याची परत यायची ‘इच्छा’ असते. त्याला अडवून धरते ती पोच्याच्या कडेची घडी, कारण तिथे बाक तीव्र असतो. म्हणून जाणता कारागीर खड्ड्याच्या मध्यावर हातोडी चालवत नाही. तो आधी कडेची घडी हलक्या घावांनी मोकळी करतो. मागून दाब दिलेला असेल तर मधला भाग पुष्कळदा ‘टक्’ असा आवाज करून स्वतःच वर येतो. मध्यावरच ठोकत राहिलेला नवशिक्या पत्रा पसरवून ठेवतो आणि जास्तीचा झालेला पत्रा मग कुठे मावत नाही.

पसरलेल्या पत्र्यावरही उपाय होता. रुपयाच्या नाण्याएवढी जागा ज्योतीने लाल करायची. तापलेला भाग प्रसरण पावू पाहतो, पण सभोवतालचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही. मऊ झालेला तो भाग मग आतल्या आत दाबला जाऊन जाड होतो. ओल्या फडक्याने निववला की तो आकुंचन पावतो आणि आजूबाजूचा पत्रा आत ओढून घेतो. उष्णतेने वस्तू वाढते, हे पुस्तकात शिकवले जाते. उष्णता देऊन पत्रा लहान करता येतो, हे मात्र गॅरेजमध्येच पाहायला मिळते.

ठोकल्याने धातू कडक का होतो?

धातू ठोकला की कडक होतो, हे पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तांब्याच्या भांड्यावर मठारकाम करताना घावामागून घाव घालतात, त्याने भांड्याला चकाकी येते तशी बळकटीही येते. फार कडक झालेले तांबे तापवून पुन्हा मऊ करतात. याला अनुशीतन म्हणतात. मोटारीच्या पोच्यातही हेच घडते : जिथे घडी पडली तिथला पत्रा शेजारच्या पत्र्यापेक्षा कडक झालेला असतो. सरळ करताना नेमका तोच भाग हट्ट धरतो.

म्युनिकचे प्राध्यापक योहान बाउशिंगर यांनी १८८० च्या दशकात एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. धातू एका दिशेने मर्यादेबाहेर ताणला आणि मग उलट दिशेने बळ लावले, तर तो अपेक्षेपेक्षा लवकर नमतो. म्हणजे घडी उलगडण्याची सुरुवात सोपी. पुढे मात्र कडकपणा आडवा येतो. १८९९ साली केंब्रिजमध्ये जेम्स यूइंग आणि वॉल्टर रोझेनहाइन यांनी ताणलेला धातू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा त्याच्या स्फटिककणांवर बारीक समांतर रेषा दिसल्या. पत्त्यांच्या जुडीतले पत्ते एकमेकांवरून सरकावेत, तसे स्फटिकाचे थर सरकत होते.

पण यातून नवेच कोडे उभे राहिले. १९२६ साली रशियन शास्त्रज्ञ याकोव फ्रेंकेल यांनी हिशेब केला, की अणूंचा अख्खा थर एकदम सरकवायला किती बळ लागेल. उत्तर प्रत्यक्षातील बळापेक्षा शेकडो, काही वेळा हजारो पट अधिक आले. या हिशेबाने पत्र्याला पोचा पडायलाच नको होता!

कोडे १९३४ साली सुटले, आणि तेही एकाच वर्षी तिघांकडून : इंग्लंडचे जी. आय. टेलर आणि मूळचे हंगेरीचे एगॉन ओरोवान व मायकेल पोलान्यी. त्यांचे म्हणणे असे, की अख्खा थर एकदम सरकतच नाही. मोठी सतरंजी जमिनीवरून ओढायची तर जोर लागतो. पण तिच्या एका टोकाला सुरकुती पाडून ती दुसऱ्या टोकाकडे ढकलत नेली, तर सतरंजी सहज पुढे सरकते. स्फटिकातही अणूंच्या रचनेत अशा ‘सुरकुत्या’ असतात. त्यांना स्थानभ्रंश म्हणतात. पोचा पडतो तेव्हा असंख्य स्थानभ्रंश धावत असतात. धावताना त्यांची संख्या वाढते, ते एकमेकांत गुंततात आणि जत्रेतल्या गर्दीसारखी एकमेकांची वाट अडवतात. ठोकलेला धातू कडक का होतो, याचे हे उत्तर.

या गर्दीचा अंदाज घ्यायचा तर असे पाहा : अनुशीतन केलेल्या धातूच्या एका घन सेंटिमीटरात स्थानभ्रंशाच्या रेषांची एकूण लांबी दहा ते हजार किलोमीटर भरते, भरपूर ठोकलेल्या धातूत ती दहा लाख किलोमीटरच्या घरात जाते. १९५६ साली केंब्रिजचे पीटर हर्श आणि त्यांचे सहकारी, तसेच जिनीव्हाचे वॉल्टर बोलमान, यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून स्थानभ्रंश प्रत्यक्ष पाहिले, तेव्हा उरलीसुरली शंका फिटली.

शिशाकडून पुट्टीकडे

हातोडीने पत्रा नव्वद टक्के सरळ होतो. उरलेले बारीक खड्डे भरावे लागतात. पूर्वी त्यासाठी शिसे आणि कथील यांचा मिश्रधातू वापरत. ७० भाग शिसे आणि ३० भाग कथील घेतले तर मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागते, पण पूर्ण वितळायला सुमारे २५५ अंश लागतात. मधल्या टप्प्यात ते लोण्यासारखे असते, आणि चरबी किंवा मेण लावलेल्या लाकडी थापीने सारवता येते. काम सुंदर होई. मोटारींच्या कारखान्यांतही सांधे बुजवायला हीच रीत होती. पण वरचा भाग घासताना शिशाची धूळ उडे आणि ती कामगाराच्या श्वासातून रक्तात जाई. शिशाचे विष हळूहळू साठते. मज्जासंस्था, मूत्रपिंडे आणि रक्त यांवर त्याचा परिणाम होतो. धूळ उडू नये म्हणून यांत्रिक चाकाऐवजी कानशीने घासावे, हा नियम त्यातूनच आला. मोटार चकचकीत होत असे, त्याची किंमत असा कामगार मोजत होता.

शिशाला पर्याय रसायनशास्त्राने दिला. कार्लटन एलिस या अमेरिकन रसायनज्ञाने १९३० च्या दशकात असंपृक्त पॉलिएस्टर राळेवर काम केले. १९५० च्या दशकात या राळेत शंखजिऱ्याची पूड मिसळून केलेली पुट्टी अमेरिकेतील गॅरेजांत आली. तिच्यात बेंझॉइल पेरॉक्साइड असलेला ‘हार्डनर’ थोडासा मिसळला की साखळी-अभिक्रिया सुरू होते, राळेचे रेणू स्टायरिनच्या पुलांनी जोडले जातात आणि काही मिनिटांत पुट्टी दगडासारखी होते. ज्योत नको, शिसे नको, फारसे कसबही नको. जिथे कुशल हातांची मजुरी महाग, तिथे पुट्टीचा प्रसार झपाट्याने झाला. आपल्याकडे मजुरी स्वस्त आणि सुटे भाग महाग, म्हणून ठोकापिटी दीर्घकाळ टिकली. मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाल्या. या गाड्या इतकी वर्षे धावल्या, त्यात अशा कारागिरांचा वाटा मोठा होता.

पुट्टीचाही गैरवापर होतो. ती काही मिलिमीटरांपेक्षा जाड थापली तर ऊन-पावसात पोलादापेक्षा वेगळ्या प्रमाणात प्रसरण-आकुंचन पावून तडकते. शिवाय शंखजिरे ओलावा धरते, आणि आत गंज सुरू होतो. स्वस्तात केलेली दुरुस्ती अशी दोन पावसाळ्यांत महाग पडते. जुनी मोटार घेताना पातळ कापडात गुंडाळलेला लोहचुंबक दारावरून फिरवून पाहावा. पोलादी दारावर जिथे तो चिकटत नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे, असे खुशाल समजावे.

आजचा पत्रा

अलीकडच्या मोटारींचे पत्रे आणखी पातळ झाले, पण कमकुवत झाले नाहीत. त्यामागे एक जुनी अडचण आहे. पोलादातील कार्बनचे अणू स्थानभ्रंशांभोवती जमून त्यांना जखडतात, हे ए. एच. कॉट्रेल आणि बी. ए. बिल्बी यांनी १९४९ साली दाखवले. या जखडण्यामुळे पत्रा साच्यात दाबताना त्यावर ओबडधोबड रेषा उठत. पुढे धातुवैज्ञानिकांनी हीच गोष्ट कामाला लावली. मोजका कार्बन ठेवलेला मऊ पत्रा आधी साच्यात दाबायचा. मग रंग वाळवण्यासाठी भट्टीत सुमारे १७० अंशांवर वीस मिनिटे ठेवला, की कार्बनचे अणू स्थानभ्रंशांना गाठतात आणि पत्रा बळकट होतो. रंगाबरोबर बळकटी फुकट!

असा पत्रा पोच्याला दाद देत नाही. पण एकदा पोचा पडला की कारागिरालाही सहजी दाद देत नाही. अतिबळकट पोलादांना ज्योतीची आच दिली तर त्यांचे बळ उतरते, म्हणून जुना उपाय तिथे चालत नाही. दाराच्या आत सुरक्षेसाठी आडव्या तुळया असल्याने मागून ठोकळा धरायला जागाही पुरत नाही. भाग बदलण्याकडे कल वाढला, त्यामागे कंपन्यांचे धोरण असेल, पण धातुशास्त्रही आहे.

तरीही कमी खर्चाच्या दुरुस्तीला जागा आहे, फक्त पोचा ओळखता आला पाहिजे. पसरट, घडी नसलेला पोचा रबरी चोषकाने ओढूनही निघतो. तीव्र घडीचा पोचा हातोडीवाल्याकडेच न्यावा. प्लॅस्टिकचा बंपर कढत पाण्याने मऊ होऊन सरळ होतो. पोलादी दारावर तेच पाणी ओतून क्वचितच काही साधते, कारण ६० अंशांच्या फरकानेही पोलाद हजारात एक एवढेसुद्धा प्रसरण पावत नाही.

वर्गात हा विषय शिकवायला मोटार लागत नाही. विजेच्या वायरमधील तांब्याची जाडशी, उघडी तार घ्यावी. ती एकाच जागी पाच-सहा वेळा वाकवून सरळ करायला विद्यार्थ्यांना सांगावे. तार पूर्ण सरळ होत नाही. जुन्या घडीच्या जागी न वाकता शेजारी वाकते, हे त्यांच्या बोटांनाच कळेल. मग शिक्षकांनी ती चिमट्यात धरून ज्योतीत लाल करावी, निवू द्यावी आणि पुन्हा वाकवायला द्यावी. ती मऊ झालेली असेल. हा फरक कशामुळे पडला, हे स्थानभ्रंश शब्द न वापरता सांगून पाहा, असे विद्यार्थ्यांना विचारावे. उत्तरे ऐकल्यावर त्यांना जवळच्या गॅरेजमध्ये न्यावे आणि तोच प्रश्न तिथल्या कारागिराला विचारू द्यावा.